रौप्यकलश : धातूचे मोल आणि हाताचे मोल

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्याख्यानाचा विषय मात्र रुप्याचा असावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कोणत्याही मंदिराच्या कोठीत डोकावले तर पन्नास वर्षांत तेथे सोन्यापेक्षा चांदीच अधिक जमलेली दिसते. अभिषेकाचे कलश, झाऱ्या, पूजेची ताटे, वाट्या, दीप, आरत्या, छत्रे, चामरांच्या मुठी. कोणी व्रताच्या उद्यापनाला देतो, कोणी मातापित्यांच्या स्मरणार्थ देतो. दान आले की पावती होते, वजन लिहिले जाते, वस्तूवर दात्याचे नाव कोरले जाते आणि वस्तू कपाटात जाते. एक गोष्ट मात्र त्या पावतीवर, त्या वहीत आणि त्या वस्तूवर कोठेही आढळत नाही. ती वस्तू कोणाच्या हातांनी घडवली, हे कोणी लिहून ठेवत नाही.

सराफाच्या पेढीवर चांदीचे भांडे हाती घेतले की पहिला प्रश्न वजनाचा असतो, दुसरा टंचाचा आणि तिसरा घडणावळीचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गिऱ्हाईक निमूटपणे मान्य करते. घासाघीस होते ती तिसऱ्या बाबतीत. धातूचा भाव दूरच्या बाजारात ठरतो, त्यावर कोणाचा इलाज नाही. म्हणून जे काही कमी करून घ्यायचे ते कारागिराच्या वाट्यातून. या साध्या सवयीचा परिणाम काय होतो आणि समाजाला तो कसा बदलता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

परंपरेतील पात्र आणि शिल्प

कलशाचे महत्त्व या सभेत विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. दिगंबर परंपरेच्या अष्टमंगलात भृंगार व कलश अशी दोन जलपात्रे आहेत. श्वेतांबर परंपरेच्या अष्टमंगलातही कलश आहेच. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचे लांछनही कलशच. दोन्ही परंपरांत काही मंगलचिन्हे वेगवेगळी असली तरी कलश दोहोंकडे आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पात्र घडवण्याच्या कामाविषयी आहे. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात रचलेल्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र’ या ग्रंथात एक प्रसंग येतो. लोकांना अग्नी नुकताच दिसू लागला होता. त्यात टाकलेले धान्य जळून जाई. तेव्हा गजारूढ ऋषभदेवांनी ओला मातीचा गोळा मागवला, हत्तीच्या गंडस्थळावर तो थापून त्याला पात्राचा आकार दिला आणि अशी भांडी करून त्यांत अन्न शिजवावे, असे लोकांना शिकवले. भगवंतांनी मानवाला दिलेले पहिले शिल्प पात्र घडवण्याचे होते, असे ही कथा सांगते. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात असि, मषी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी सहा कर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी वाणिज्य या समाजाने मनापासून जोपासले. अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सराफीत आहेत. परंतु त्याच यादीत वाणिज्याच्या शेजारी शिल्प उभे आहे. या शेजाऱ्याची विचारपूस वाणिज्याने किती केली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

चांदीचा स्वभाव

हाताच्या कामाचे मोल समजून घ्यायचे तर आधी धातूचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. चांदी पाण्याच्या जवळजवळ साडेदहापट जड असते. ती ९६१.८ अंश सेल्सियसला वितळते. उष्णता आणि वीज वाहून नेण्यात कोणताही धातू तिची बरोबरी करीत नाही. म्हणूनच चांदीच्या वाटीत गरम दूध ओतले की काठ लगेच चटका देतो. चांदी हवेतील प्राणवायूने गंजत नाही; ती काळी पडते ती गंधकामुळे. हवेतील गंधकयुक्त वायू तिच्या पृष्ठभागाशी संयोग पावून काळा थर तयार करतात.

शुद्ध चांदी मऊ असते. त्यामुळे रोजच्या वापराच्या वस्तूंसाठी तिच्यात थोडे तांबे मिसळतात. हजार भागांत ९२५ भाग चांदी व उरलेले मुख्यतः तांबे, असे जगभर रूढ झालेले प्रमाण आहे. त्यालाच ‘स्टर्लिंग’ म्हणतात. पूजेच्या भांड्यांसाठी मात्र अधिक टंचाची, शक्यतो चोख चांदी हवी, असा आग्रह बहुतेक घरांतून असतो. येथे हातोडीचे महत्त्व आहे. ठोके बसले की चांदीच्या आतील सूक्ष्म कणांची रचना दाटते आणि धातू कडक होतो. चोख चांदीचे भांडे नीट ठोकून घडवले तर ते आकार धरून राहते. पातळ पत्र्याचे भांडे अंगठ्याने दाबले तरी पोचते.

चांदीच्या या ठोकून पसरण्याच्या गुणाची एक दुसरी बाजू समाजाला चांगली ठाऊक आहे. मिठाईवरचा वरख पूर्वी जनावरांच्या आतड्यांच्या वा कातड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटला जाई, म्हणून अनेक जैन कुटुंबांनी तो वर्ज्य केला. २०१६ साली भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने वरख बनवताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरण्यास मनाई केली. कलश घडवण्यास मात्र असे काही लागत नाही. लोखंड, लाकूड, विस्तव आणि राळ एवढ्यावर हे काम होऊ शकते. काही ठिकाणी शिंगाच्या किंवा कातड्याच्या हातोड्या आणि कातडी पिशव्या वापरण्याची पद्धत आहे. परंतु लाकडी हातोडीने तेच काम तितकेच चांगले होते. पूजेच्या पात्राची मागणी नोंदवताना एवढे सांगितले तर कारागीर ते आनंदाने पाळतो.

पत्र्यापासून पात्रापर्यंत

चांदी प्रथम मुशीत वितळवतात. साच्यात ओतून तिची वीट किंवा जाड पट्टी करतात, ती ठोकून वा लाटून पत्रा तयार होतो आणि त्या पत्र्यातून गोल चकती कापतात. चकती केवढी घ्यावी याचा कारागिरांचा एक सोपा आडाखा आहे. पात्राचा सर्वांत मोठा व्यास आणि त्याची उंची यांची बेरीज केली की चकतीचा व्यास अंदाजाने मिळतो. बारा सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच कलश हवा असेल तर चोवीस सेंटिमीटर व्यासाची चकती लागते. पत्रा एक मिलिमीटर जाडीचा असेल तर तिचे वजन सुमारे पावणेपाचशे ग्रॅम भरते. म्हणजे कामास हात घालण्यापूर्वीच पूर्ण कलश कारागिराच्या मनात मापासह उभा राहिलेला असावा लागतो.

मग ठोकाई सुरू होते. लाकडाच्या ओंडक्यातील खळग्यावर चकती ठेवून तिला प्रथम उथळ वाटीचा आकार देतात. त्यानंतर ती लोखंडी खुंट्यावर तिरपी धरून तळापासून काठाकडे एकामागून एक गोल फेरे ठोकत जातात. प्रत्येक ठोक्यासरशी धातू किंचित आत दबतो, घेर कमी होतो आणि भिंत उंच होत जाते. डावा हात पात्र फिरवत असतो, उजवा हात हातोडी चालवत असतो, आणि ठोका नेमका खुंट्याच्या टोकापुढे पडला पाहिजे. तो थोडा मागे पडला तर पत्रा पातळ होतो. फार पुढे पडला तर घडी पडते. घडी पडलेल्या जागी पुढे चीर जाते आणि सारे काम पुन्हा मुशीत जाते.

तळापासून काठापर्यंत एक पूर्ण फेरी झाली की धातू कडक होतो. तसाच ठोकत राहिले तर तो फाटतो. म्हणून पात्र विस्तवावर फिकट लाल होईपर्यंत, म्हणजे साधारण सहाशे ते साडेसहाशे अंशांपर्यंत तापवतात. त्यामुळे ताणलेल्या कणांची रचना मोकळी होते आणि चांदी पुन्हा मऊ होते. नंतर ते पाण्यात बुडवून, तुरटीच्या किंवा सौम्य आम्लाच्या पाण्यात उकळून स्वच्छ करतात आणि पुढची फेरी सुरू करतात. एका खोल कलशाला अशा कितीतरी फेऱ्या द्याव्या लागतात. पोट फुगीर आणि गळा अरुंद असेल तर काम आणखी अवघड. कारण जेवढा घेर कमी करायचा तेवढा धातू स्वतःतच सामावून घ्यावा लागतो.

आकार पूर्ण झाला की मठार येते. गुळगुळीत, चकचकीत तोंडाच्या हातोडीने साऱ्या पृष्ठभागावर हलके, एकमेकांना लागून ठोके देतात. पहिल्या ठोकाईच्या खुणा सपाट होतात आणि पात्रावर बारीक बारीक पैलूंची झळाळी येते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हेच मठारकाम होत आले आहे. नक्षी हवी असेल तर पात्रात राळ भरून, ती घट्ट झाल्यावर बाहेरून छिन्न्यांनी वेलबुट्टी उठवतात. कानशीतून पडलेला कण न्‌ कण जपला जातो. कारखान्यातील केरसुद्धा झारेकरी धुऊन त्यातील चांदी काढतो. धातूचा कण वाया जात नाही, याचा हिशेब हा धंदा शतकानुशतके चोख ठेवत आला आहे. हिशेब राहून गेला तो कारागिराच्या श्रमाचा.

असे घडवलेले पात्र एकसंध असते. त्याला कोठेही सांधा नसतो, म्हणून डाख निसटण्याचा वा सांध्यातून पाणी झिरपण्याचा प्रश्नच येत नाही. काठाशी धातू आत दाबला गेल्याने काठ आपोआप जाड व बळकट होतो. सौंदर्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी हे गुण व्यवहाराचे आहेत.

यंत्र आणि हात

आज दुकानातील बहुतेक चांदीची भांडी यंत्रावर होतात. फिरत्या साच्यावर चकती दाबून काही मिनिटांत तिला वाटीचा वा तांब्याचा आकार देता येतो. ठशांच्या दाबयंत्रातून एकसारखे शेकडो नग निघतात. यात दोष देण्यासारखे काही नाही. यंत्रामुळे सामान्य घरातही बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी आली, हे त्याचे उपकारच आहेत. अडचण एवढीच की हाताच्या आणि यंत्राच्या कामातील भेद न ओळखता दोन्ही एकाच तराजूत घातली जातात, आणि मग हाताचे काम नेहमीच महाग ठरते.

भेद ओळखणे मात्र फार कठीण नाही. पात्राच्या आत पाहावे. यंत्रावर फिरवलेल्या भांड्यात आतून बारीक समकेंद्री रेघा दिसतात. हाताने घडवलेल्यात ठोक्यांचे पैलू दिसतात आणि कोणतेही दोन पैलू तंतोतंत सारखे नसतात. हल्ली मठारासारखी खूण ठशानेच उठवलेली भांडीही मिळतात. परंतु त्यात तीच खूण ठरावीक अंतरावर पुन्हा येते. काठाची जाडी बोटांनी चाचपावी. पोटावरून उभी रेघ जात असेल तर तेथे सांधा आहे, असे समजावे. नाशिक हे चांदीच्या भांड्यांसाठी महाराष्ट्रात नावाजलेले गाव. तेथील बाजारात खरेदीस जाणाऱ्याने एवढ्या खुणा ठाऊक ठेवल्या तर विक्रेत्याशी होणाऱ्या बोलण्याचा सूरच बदलतो.

लंडनमध्ये शिकलेला एक जपानी रौप्यकार

यंत्राच्या युगात दिवसचे दिवस एकच भांडे ठोकत बसण्याला काही भवितव्य आहे काय, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. त्याचे उत्तर एका समकालीन कारागिराच्या कामात मिळते. हिरोशी सुझुकी यांचा जन्म १९६१ साली जपानमधील सेंदाई येथे झाला. टोकियोच्या मुसाशिनो कलाविद्यापीठात शिक्षण घेऊन ते लंडनला गेले आणि तेथील रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यांनी पुढील अभ्यास केला. त्यांची ‘ॲक्वा-पोएझी’ या नावाची पात्रमालिका प्रसिद्ध आहे. ‘ॲक्वा’ म्हणजे पाणी.

चांदीचा सपाट पत्रा घेऊन, तो हातोडीने उठवत उठवत, सुझुकी एक उंच पात्र घडवतात. त्याच्या अंगावर वाहत्या पाण्याच्या लाटा वळसे घेत तळापासून काठापर्यंत चढतात. ओतकाम नाही आणि वरून चिकटवलेली नक्षीही नाही. लाटेचा प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक घळ त्याच पत्र्यातून ठोकून आणलेली. साधने तीच, जी आपल्याकडील सोनार-तांबटांच्या ओळखीची : हातोड्या, खुंटे, विस्तव. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे काम ठेवलेले आहे.

या उदाहरणातून एक बोध घेता येतो. सुझुकींच्या पात्रात जेवढी चांदी आहे तेवढी चांदी बाजारातून कोणीही विकत आणू शकतो. संग्रहालयाने जपून ठेवले ते चांदीत उतरलेले कौशल्य. ज्या देशात अशा कामाला शिक्षणसंस्था, गिऱ्हाईक आणि मान मिळाला, तेथे ते यंत्राच्या शेजारी टिकून राहिले. हातोडी भारतातही आहे आणि हातही आहेत. मान आणि मोबदला या दोन गोष्टींची उणीव आहे.

नाव कोरण्याची रीत

इंग्लंडमध्ये रौप्यकाराला हा मान एका दिवसात मिळाला नाही. १३०० सालच्या कायद्याने तेथे चांदीची शुद्धता ठरवून दिली आणि तपासलेल्या वस्तूवर बिबट्याच्या मुखाचा ठसा उमटवण्याची रीत पाडली. १३६३ साली प्रत्येक कारागिराने स्वतःची खूण वस्तूवर उमटवावी, असा नियम झाला. १४७८ साली त्यात वर्षदर्शक अक्षराची भर पडली आणि वस्तू तपासणीसाठी सुवर्णकारांच्या संघाच्या सभागृहात, म्हणजे ‘हॉल’मध्ये आणाव्या लागू लागल्या. ‘हॉलमार्क’ हा शब्द तेथूनच आला. या शिस्तीमुळे तीनशे वर्षांपूर्वीचा एखादा पेला आज हाती आला तरी तो कोणी व कोणत्या वर्षी घडवला हे बहुधा सांगता येते.

मूळ उद्देश फसवणूक रोखण्याचा होता. परंतु त्यातून कारागिराचे नाव जिवंत राहिले, हा मोठाच लाभ झाला.

भारतात असे प्रसंग विरळा आढळतात. कच्छच्या दरबारासाठी काम करणारे भूजचे उमरशी मावजी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या चांदीच्या वस्तूंवर नावाची आद्याक्षरे आणि ‘भूज’ असा ठसा उमटवीत. त्या दोन अक्षरांमुळे त्यांची भांडी आज जगभरच्या संग्रहांत ओळखली जातात. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये गंगाजळाचे दोन प्रचंड रौप्यकुंभ आहेत. चौदा हजार नाणी वितळवून, डाख न लावता ते घडवलेले आहेत. महाराजा सवाई माधोसिंह दुसरे हे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेले, तेव्हा गंगाजळ याच पात्रांतून नेण्यात आले. महाराजांचे नाव अर्थातच सर्वांना ठाऊक आहे; परंतु ते घडवणारे कारागीर गोविंदराम आणि माधव होते, हीही नोंद तेथे जपलेली आहे. एवढी नोंद राहिल्यानेच त्या कुंभांची गोष्ट पूर्ण होते.

भारतीय मानक ब्युरोने २००५ साली चांदीसाठी हॉलमार्किंग सुरू केले. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या वस्तूंसाठी सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याची व्यवस्थाही ऐच्छिक स्वरूपात आली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट आहे आणि मंदिरासाठी खरेदी करताना या खुणेचा आग्रह धरलाच पाहिजे. परंतु ही खूण धातू किती शुद्ध आहे एवढेच सांगते. हातोडी कोणाची होती, ते ती सांगत नाही.

जे वितळले ते परत आले नाही

नोंद नसली की पात्र हे केवळ वजन उरते, आणि वजनाला मोडीत काढण्यास फार काळ लागत नाही. इतिहासात याची ठळक उदाहरणे आहेत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायच्या राजवाड्यासाठी चांदीची मेजे, दीपस्तंभ, कुंड्या, आसने घडवून घेतली होती. १६८९ साली युद्धाच्या खर्चासाठी ती सारी, सुमारे वीस टन चांदी, टांकसाळीत पाठवली गेली. हाती आलेली रक्कम अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी होती. कारण त्या वस्तूंवर झालेल्या खर्चाचा मोठा भाग घडणावळीचा होता आणि घडणावळ भट्टीतून परत मिळत नाही. आज ती रौप्यशाळा केवळ चित्रांतून आणि विणलेल्या पडद्यांतून पाहावी लागते. १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेला, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतील कित्येक घरांतील जुनी भांडी मोडीत निघाली. पुढे काही महिन्यांतच भाव कोसळले. भांडी मात्र गेली ती गेलीच.

अशी वेळ पुन्हा येते. २०२५ साली चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या बराच पुढे गेला. असे भाव चढले की कोठीतील जुन्या, पोचलेल्या, काळवंडलेल्या भांड्यांकडे पाहून ‘एवढी चांदी पडून आहे, ती मोडून नवी चकचकीत भांडी करावीत’ असा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. विश्वस्तांचा हेतू शुद्धच असतो. परंतु त्या जुन्या झारीत एखाद्या अनाम कारागिराचे अनेक दिवस साठलेले असतात, आणि ज्या श्राविकेने ती दिली तिचा भावही त्याच आकाराला चिकटलेला असतो. वितळवल्यावर दोहोंपैकी काहीच उरत नाही. बदल्यात येते ते बहुधा यंत्रावरचे, पातळ पत्र्याचे भांडे, ज्याला दहा वर्षांत पुन्हा पोचे पडतात आणि पुन्हा मोडीचा विचार सुरू होतो.

येथे अपरिग्रहाचा विचारही प्रस्तुत आहे. चांदी जमवीत जाणे हे अपरिग्रहाशी कसे जुळते, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचे एक व्यवहार्य उत्तर असे की संख्या कमी असावी आणि आयुष्य मोठे असावे. दहा पातळ कलशांपेक्षा एक भक्कम, हाताने घडवलेला, तीन पिढ्या चालणारा कलश हा अपरिग्रहाला अधिक जवळचा आहे.

संस्थेसाठी चार सूचना

केवळ खंत व्यक्त करून थांबणे उचित नव्हे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेला सहज करता येतील अशा चार गोष्टी येथे मांडल्या आहेत.

पहिली गोष्ट नोंदवहीची. कोठीतील प्रत्येक रौप्यपात्राचे छायाचित्र, वजन, मापे, दात्याचे नाव, वर्ष आणि ठाऊक असेल तर कारागिराचे नाव व गाव, एवढे एका वहीत लिहावे. पाठशाळेतील मुलांना हे काम दिले तर ते उत्साहाने करतील. आजी-आजोबांना विचारले तर पन्नास वर्षांपूर्वीच्या कलशाची हकीकतही अजून मिळू शकेल; आणखी दहा वर्षांनी ती सांगणारे कोणी असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट मोडीची. कोणतेही जुने पात्र मोडीत काढण्यापूर्वी ते जाणकार कारागिराला दाखवावे. पोचा काढता येतो, तळ बदलता येतो, चीर सांधता येते. दुरुस्ती मात्र चांदीच्या डाखानेच करून घ्यावी. कथील-शिशाचा डाख स्वस्त असला तरी पुढे पात्र तापवताच तो चांदी खाऊन टाकतो.

तिसरी गोष्ट निगेची. काळे पडलेले भांडे तारेच्या घासणीने घासू नये. प्रत्येक घासणीबरोबर मठाराची झळाळी आणि नक्षीची धार झिजते. रिठ्याच्या पाण्याने हळुवार धुऊन, पूर्ण कोरडे करून, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावे. लोकर आणि रबर यांत गंधकाचा अंश असतो. त्यांच्या सान्निध्यात चांदी लवकर काळवंडते. नक्षीच्या खोबणीत राहिलेला किंचित काळेपणा हा मळ नसतो. त्यामुळेच नक्षी उठून दिसते.

चौथी गोष्ट नव्या दानाची. पुढे जेव्हा कोणी श्रावक कलश देऊ इच्छील, तेव्हा त्यास हाताने घडवलेल्या पात्राचा पर्याय सुचवावा. धातूची किंमत आणि घडणावळ पावतीवर स्वतंत्र लिहावी आणि घडणावळीत घासाघीस करू नये. सराफी व्यवसायातील बंधूंनी कारागिराचे नाव गिऱ्हाइकाला सांगण्यास संकोच करू नये. आणि दात्याच्या नावाखाली, लहान अक्षरांत का होईना, ‘घडवणार’ असे लिहून त्या कारागिराचे नाव व गाव कोरावे. या एका ओळीला खर्च जवळजवळ नाहीच. परंतु ती कोरली जाणार हे ठाऊक असलेला कारागीर शेवटची फेरी अधिक मन लावून ठोकतो, आणि त्याचा मुलगा हातोडी उचलावी की नाही याचा विचार करताना त्या ओळीकडे पाहतो.

अभिषेकाच्या वेळी कलश दोन्ही हातांनी उचलला जातो. तो हात श्रावकाचा असतो. त्याआधी तोच कलश दुसऱ्या दोन हातांनी, विस्तवासमोर बसून, फेरीमागून फेरी देत उचललेला असतो. संस्थेच्या शतकमहोत्सवात जी पिढी ही कोठी उघडील, तिला दात्यांची नावे वाचता येतीलच. त्यांच्याखाली घडवणाऱ्यांची नावेही वाचता यावीत, एवढी व्यवस्था या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावी, ही विनंती.